ऐतिहासिक घर विकणे आहे

"गावचे घर पडून आहे. विकावे की होमस्टे सुरू करावा?" हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत या सदराकडे पाच-सहा जणांनी पाठवला. एक पत्र इंदूरचे, एक बेळगावचे, बाकीची गोव्यातली. लिहिणारे सगळे पस्तिशीच्या आसपासचे. एकाने सोबत एक जाहिरातही जोडली होती. दोनशे वर्षांपूर्वीचे ऐतिहासिक घर, नऊ खोल्या, दोन विहिरी, आंब्या-फणसाची बाग. बुटीक हॉटेल, लग्नसमारंभ, योग शिबिरे यांसाठी उत्तम. व्यवसायास भरपूर वाव.

अशा जाहिराती मी आवडीने वाचते. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट असल्यामुळे लिहिलेल्यापेक्षा गाळलेल्याकडे लक्ष आधी जाते. मालक किती आहेत, हे त्यात कधीच नसते. छप्पर शेवटचे केव्हा उतरवले होते, हेही नसते. आणि जुलैमध्ये त्या घरात रात्री कोण झोपते, हे तर कोणी विचारतही नाही. घराचे पुढे काय होणार, ते बहुधा या तीन उत्तरांवर ठरते.

एक आधीच सांगून ठेवते. या वेळी मी काठावर उभी राहून बोलत नाही. माझे आजोळ डिचोली तालुक्यातल्या एका गावात आहे आणि त्या घराला सध्या गिऱ्हाईक लागले आहे.

गोव्यातली ही मोठी घरे भाटकारांनी बांधली. भातशेती, माड, पोफळी यांच्या उत्पन्नावर ती उभी राहिली आणि त्याच उत्पन्नावर टिकली. ख्रिस्ती घर रस्त्याकडे तोंड करून बसते. पुढे बाल्कांव, मोठाल्या खिडक्या, काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने, आत पाहुण्यांसाठी सजवलेली साल. हिंदू घर रस्त्यावरून पाहिले तर साधेच वाटते. वसरी ओलांडून आत गेलात की राजांगण, मधोमध तुळशीवृंदावन, भोवती खांबांची ओळ, एका बाजूला देवखोली. त्याची सगळी श्रीमंती आत वळलेली. पेडण्याचे देशप्रभूंचे घर ज्यांनी पाहिले असेल त्यांना एकामागून एक उघडत जाणारे चौक म्हणजे काय ते सांगायला नको.

गोवा १९६१ साली मुक्त झाला. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७५ मध्ये मुंडकार कायदा, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा कूळच जमिनीचा मालक ठरला. ते योग्यच झाले. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभे राहणाऱ्यांचाच त्या जमिनीवर हक्क होता. घरांच्या बाजूने पाहिले तर मात्र ज्या उत्पन्नावर वीस खोल्यांचे छप्पर दरवर्षी परतले जाई ते गेले, आणि खोल्या वीसच राहिल्या. त्यात मुले मुंबईला, पुण्याला, आखातात, काही लिस्बनला गेली. आज जे घर "ऐतिहासिक" म्हणून विकायला निघते, त्याच्या मागे बहुतेक वेळा एवढाच इतिहास असतो.

मग अशी घरे कोणी चालवलीच नाहीत का? चालवली. लोटलीचे फिगेरेदो घर १५९० चे, म्हणजे ताजमहालाच्याही आधीचे. तिथे संग्रहालय आहे आणि पाहुणे राहतातही. केपे येथे कुशावतीच्या काठी चर्चसमोर १७८७ साली बांधलेला डीनचा वाडा आहे, पालासियो दु देआंव. तो पडायला आला होता. एका जोडप्याने तो दुरुस्त केला आणि आधी कळवलेत तर तिथे जेवायला बसता येते. चांदरच्या ब्रागांझा घराचे दोन भाग, दोन कुटुंबांकडे. तिथे घरचेच माणूस खोल्या फिरवून दाखवते आणि शेवटी देणगीची पेटी पुढे करते. शिवोलीचे एक जुने घर दुरुस्त होऊन हॉटेल झाले, त्या कामाची दखल २००१ मध्ये युनेस्कोने घेतली. मारियो मिरांडांच्या लोटलीच्या घरात श्याम बेनेगलांनी 'त्रिकाल'चे चित्रीकरण केले, तेव्हा चित्रीकरणासाठी घर देणे हाही एक मार्ग आहे. इंदूरच्या वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे महेश्वर. तिथल्या अहिल्या किल्ल्यातल्या राहत्या वाड्याचे होळकरांच्या वंशजांनीच अतिथिगृह केले.

या सगळ्या घरांत मला एक गोष्ट सारखी दिसते. यांतल्या बहुतेक घरांपाशी कोणीतरी माणूस टिकून राहिलेले आहे. घर "भाड्याने चालवायला दिले" आणि मालक वर्षातून एकदा हिशेब पाहायला आले, अशी यशोगाथा मला अजून तरी भेटलेली नाही.

आता आमच्या घराकडे येते. आजोबांना पाच मुले. थोरले मामा, मोठी मावशी, मुंबईचे मामा, माझी आई आणि धाकटे मामा. थोरले मामा आणि मोठी मावशी आता नाहीत. धाकटे मामा ७१ वर्षांचे, अविवाहित, त्या घरात एकटे राहतात. जुलैमध्ये तिथे झोपणारे माणूस ते एकच.

गोव्याचा वारसा कायदा बाहेरच्या वाचकांना थोडा समजावून सांगायला हवा, कारण घर विकायचे ठरले की सगळे तिथेच अडते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही चालू राहिली. वारसाचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आला, तो २०१६ च्या अखेरीस अंमलात आला. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा पहिल्यापासून सारखा. इस्टेटीचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव, तो मृत्युपत्रानेही दुसऱ्याला देता येत नाही. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, दोघांची निम्मी-निम्मी. त्यामुळे आईच्या माहेरच्या घराची विक्री करायची तर माझ्या बाबांची सही लागते. त्या घरात जावई म्हणून बाबांना चहाबरोबर लाडू नेहमीच मिळाला, पण त्यांच्या सहीसाठी कोणी उठून पेन पुढे केल्याचे मी या वर्षीच पाहिले.

सह्या मोजल्या. थोरल्या मामांच्या मामी आणि त्यांची तीन मुले, मावशीची चार मुले, मुंबईचे मामा, आई, धाकटे मामा, असे ११ वारस. त्यांचे ८ जोडीदार. एकूण १९ सह्या. त्यांतल्या दोन मस्कतला, एक कॅनडात. वाटे असे: धाकट्या मामांचा एक पंचमांश, मावशीच्या प्रत्येक मुलाचा विसावा, थोरल्या मामांच्या वाट्यातला निम्मा मामींचा आणि उरलेल्याचे तीन भाग, म्हणजे प्रत्येकी तिसावा. गिऱ्हाइकाने घर आणि भोवतालच्या जमिनीला मिळून चार कोटी सांगितले. ऐकायला आकडा मोठा वाटतो. तिसाव्या वाट्याचे होतात १३ लाख ३३ हजार, तेही करापूर्वी. कराचे एक बरे आहे. वडिलार्जित घराची २००१ सालची बाजारभावाने येणारी किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. गोव्याच्या जोडप्यांना पगार सोडून बाकीचे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे वाटून दाखवण्याची सोयही आहे. हा हिशेब विक्रीनंतर नव्हे, आधी करून घ्यावा आणि मूल्यांकनाचा कागद फायलीत ठेवावा.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथल्या वाचकांना हिंदू वारसा कायदा लागू. तिथे २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क आहे. अजूनही पुष्कळ घरांत भाऊबीजेच्या ओवाळणीइतक्या सहजतेने बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. सही करायची असेल तर जरूर करा, पण वाट्याचा आकडा कागदावर पाहून करा.

वारसांचे जमत नसेल तर गोव्यात दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीची कारवाई करता येते. मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते, आणि मग वारसांना आपसांत बोली लावता येते. वकील मंडळी तिला लिसिटेशन म्हणतात. ज्याची बोली जास्त त्याला घर मिळते, आणि तो बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. घर बाहेर न जाऊ देता एकाच्या हाती नेण्याची ही जुनी पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. सात जणांचे समसमान मालकीचे घर म्हणजे कोणाचेच नसलेले घर. त्याला गळती लागली की प्रत्येकाला वाटते दुसरा बघेल. तरुण वाचकांपैकी ज्यांना गावच्या घराची खरोखर ओढ आहे, त्यांनी होमस्टेच्या खोल्यांची सजावट ठरवण्याआधी वकिलाकडे जाऊन एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाची नावे आहेत ते पाहावे. आमच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचे नाव होते. ते १९५८ साली गेले.

आता छप्पर. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्या चिऱ्याची भिंत दोन-दोन शतके उभी राहते, फक्त डोक्यावर पाणी नको. कौल एक फुटले की पाणी वाशावर उतरते, वासा कुजतो, वाळवी चढते, मग भिंतीत पाणी मुरते. म्हणून दरवर्षी मे महिन्यात कौले परतायची असतात. आमच्याकडे आजोबांच्या काळात हे काम आठवडाभर चाले आणि रोज बारा माणसांचा स्वयंपाक असे. आता कौले परतणारी माणसे मिळायलाच एक महिना आधी सांगावे लागते. पूर्ण छप्पर उतरवून, वासे-रिपा बदलून पुन्हा घालायचे तर गेल्या वर्षी कंत्राटदाराने अकरा लाख सांगितले. पत्रे घालून द्या, निम्म्यात होईल, असेही त्याने सुचवले. धाकट्या मामांनी त्याला सरबत देऊन वाटेला लावले.

एकदा शांतपणे बसून होमस्टेचा हिशेब मांडला. आकडे आमच्या घरापुरते आणि अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. चार खोल्या, दर रात्री सरासरी ३,००० रुपये. डिचोलीत समुद्र नाही. मये तलाव आहे, हरवळ्याचा धबधबा आणि लेणी आहेत, आणि २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पाहुणे आतल्या गावांकडे वळायला थोडे तयार झाले आहेत. तरी वर्षात प्रत्येक खोली १२० रात्रींपेक्षा जास्त भरेल असे मी धरणार नाही. म्हणजे ४८० रात्री, १४ लाख ४० हजार जमा. त्यातून बुकिंग करून देणाऱ्यांचे पंधरा टक्के, २ लाख १६ हजार. दोन माणसांचा पगार महिना पंधरा हजारांप्रमाणे ३ लाख ६० हजार. दोन माणसांची न्याहारी, माणशी दीडशे धरली तर १ लाख ४४ हजार. वीज, धुलाई, गॅस, किरकोळ १ लाख ८० हजार. घराची दरवर्षीची डागडुजी आणि रंग अडीच लाख. उरले २ लाख ९० हजार.

हा आकडा वाईट नाही, पण एका अटीवर: दुरुस्तीसाठी कर्ज काढलेले नको. छप्पर, चार न्हाणीघरे, वीज, पाणी, सांडपाणी हे सगळे ४० लाखांत बसवले आणि ते दहा टक्क्यांनी कर्जाऊ घेतले, तर पहिल्या वर्षीचे व्याजच ४ लाख. म्हणजे घर पाहुण्यांनी भरलेले आणि खिशातून लाखभर बाहेर. "व्यवसायास भरपूर वाव" या शब्दांचा रुपयांत हिशेब हा असा होतो. जुने घर मालकाला श्रीमंत करत नाही, बरे चालले तर स्वतःच्या छपराचे पैसे स्वतः मिळवते. माझ्या मते एवढे झाले तरी पुष्कळ आहे. ज्यांना यापेक्षा जास्त हवे आहे त्यांनी म्हापशात दुकानाचा गाळा घ्यावा.

कागदांचेही थोडक्यात. पाहुण्यांना खोली द्यायची तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी लागते, शिवाय पंचायतीचा परवाना. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांच्या आत सी फॉर्म भरावा लागतो. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाकडून हेरिटेज हॉटेल म्हणून वर्गवारी हवी असेल, तर घर १९५० पूर्वीचे आणि खोल्या किमान पाच असाव्या लागतात. यातले काहीच अशक्य नाही. कंटाळवाणे मात्र आहे, आणि ते सत्तरीच्या मामांनी करावे अशी अपेक्षा पुण्यात बसून ठेवू नये.

घर बघायला तीन जण येऊन गेले. पहिले दिल्लीचे जोडपे, अतिशय सभ्य. राजांगण पाहून दोघे खूश झाले आणि वृंदावन काढून तिथे पोहण्याचा तलाव छान बसेल असे म्हणाले. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. चार कोटी मोजणाऱ्याला तुळस ही हलवता येण्याजोगी वस्तू वाटणार. दुसऱ्याला घर नकोच होते. त्याने दारातूनच मागची बाग किती मीटर, रस्त्याला लागून किती, सेटलमेंट झोनमध्ये किती येते, एवढे विचारले. तिसरा तरुण हॉटेलवाला. त्याने पंधरा वर्षांचा भाडेपट्टा मागितला: छप्पर आणि दुरुस्ती तो करणार, पहिली तीन वर्षे भाडे देणार नाही, पुढे दरमहा ठरावीक रक्कम. विक्री आणि स्वतः चालवणे यांच्या मधला हा मार्ग विचार करण्यासारखा आहे. वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच हवा, आणि घराच्या कोणत्या भागाला हात लावायचा नाही याची यादी दस्तातच हवी. आमच्याकडे बोलणी देवखोलीशी येऊन थांबली. देवखोली बंद ठेवू, तुम्ही हवे तेव्हा या, असे तो म्हणाला. मग चवथीला पस्तीस माणसे दीड दिवस कुठे झोपणार, हे मामींनी विचारले.

गोव्याबाहेरच्या तरुण वाचकांना हे कदाचित लक्षात येणार नाही. चवथीचा गणपती मूळ घरी बसतो. म्हापसा, मडगाव, मुंबईत प्रत्येकाचे फ्लॅट आहेत, पण गणपती त्या एका घरात. रानातली फळे आणि वेली आणून माटोळी बांधायची, ती मामांनी सांगितलेल्या क्रमाने. घर विकले तर गणपती कोणाकडे जाणार? हा प्रश्न कोणत्याही मूल्यांकनाच्या तक्त्यात बसत नाही, आणि आमच्या तीनही बैठका प्रत्यक्षात याच्यावरच अडल्या. व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर अडचण वाटते तेवढी नाही. चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तेव्हा पाहुण्यांचा हंगाम नसतो. तो ऑक्टोबर ते मार्च. घरच्यांनी स्वतः घर चालवले तर दोन्ही हंगाम एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मांस-मद्याचे काय, हा दुसरा प्रश्न. त्यावर आमच्यात अजून एकमत नाही आणि मला वाटते होणारही नाही. मागच्या अंगणातली माडी पाहुण्यांना, राजांगणाची बाजू घरच्यांना, असे बहुधा ठरेल.

परसात एका कोपऱ्यात मुंडकाराचे घर आहे. तीन पिढ्या ते कुटुंब तिथे राहते. मामा आजारी पडले तेव्हा रात्री गाडी काढणारा त्यांचाच मुलगा होता. मुंडकार कायद्याने त्यांना त्या घरातून काढता येत नाही, आणि घर व त्याच्या लगतची जागा विकत घेण्याचा त्यांना हक्क आहे. दलालाने तयार केलेल्या जाहिरातीत मात्र "पूर्ण रिकामा ताबा" असे लिहिले होते. ती ओळ मी काढायला लावली. तुमच्या गावी असे कुटुंब असेल, तर घराचे काहीही करण्याआधी त्यांची नोंद रीतसर करून द्या. घर चालवायचे ठरले तर तुमच्या उपयोगी सगळ्यात आधी तेच पडणार आहेत.

घर ठेवावे असे म्हणणाऱ्यांना खलनायक शोधायचा मोह होतो, आणि आमच्याकडे ती भूमिका मुंबईच्या मामांकडे गेली होती. त्यांना विक्री हवी आहे. ते ७६ वर्षांचे आहेत, मामींचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते, आणि बोरिवलीचा फ्लॅट सोडला तर त्यांच्याकडे दुसरे काही नाही. घर त्यांच्याही जन्माचे आहे. शेवटच्या बैठकीत ते फोनवर एवढेच म्हणाले, "मला त्या घराचे प्रेम नाही असं समजू नका. पण माझा पाचवा हिस्सा तिथे भिंतीत आहे आणि मला तो इथे पाहिजे." त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

थोरल्या मामांची धाकटी मुलगी पुण्याला असते, ३४ वर्षांची, घरून काम करण्याची सोय असलेली नोकरी. तिला तीन खोल्यांपासून सुरुवात करून पाहायची आहे. सहा महिने ती तिथे राहायला तयार आहे, आणि इन्व्हेंटरीत बोली लावायचीही तिची तयारी आहे. मुंबईच्या मामांचे ८० लाख मात्र तिच्याकडे नाहीत, कर्ज काढून ते देणे म्हणजे वरच्या हिशेबाप्रमाणे विहिरीत उडी. तेव्हा सध्या असे चालले आहे: रस्त्यालगतचा हजार चौरस मीटरचा तुकडा सेटलमेंट झोनमध्ये आहे, घरापासून लांब. तो आधी विकायचा. दोन दलालांच्या अंदाजाने सत्तर ते ऐंशी लाख येतील. ते सगळे मुंबईच्या मामांच्या वाट्यापोटी द्यायचे, आणि घर उरलेल्या चार शाखांत ठेवून मग इन्व्हेंटरीला जायचे. आईने आणि बाबांनी होकार दिला आहे. धाकट्या मामांनी दिला आहे. मावशीच्या मस्कतच्या मुलाने आधी सरकारमान्य मूल्यांकनकर्त्याचा अहवाल मागितला आहे, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. तुकड्याचा भाव कमी धरला गेला, तर मामांना तोटा; जास्त धरला, तर बाकीच्यांना. अहवाल आल्याशिवाय कोणी सही करू नये असे मीही कळवले.

तोपर्यंत छप्पर थांबणार नाही. सगळे उतरवण्याऐवजी देवखोली आणि मागच्या माडीच्या तीन खोल्या एवढाच भाग या मे महिन्यात करायचा, खर्च चार लाख. तो वाट्याप्रमाणे विभागून मी परवा सगळ्यांना पाठवला. पंचमांशवाल्यांना ८० हजार, विसाव्या वाट्याला २० हजार, तिसाव्याला १३,३३३. मुंबईच्या मामांचे नाव मी यादीत घातले नव्हते. त्यांचे पैसे काल आले, सगळ्यांच्या आधी.